गार्डचाचांचा खेळ कारेगावात

शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. ही गोष्ट मला नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हती, कारण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला वाटतं, रूळ सगळीकडंच असतात. आमच्या गल्लीतून जे कुणी बाहेर पडलं ते गाडीत बसून पडलं. कुणी सोलापूरला गेलं, कुणी भुसावळला, एक जण तर थेट गुवाहाटीला. मला मात्र पप्पांनी स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडलं. पायापाशी बॅग, पाठीला गादीची वळकटी आणि मांडीवर निळी बादली. बादलीत ताट, वाटी, तवा आणि लोणच्याची बरणी. आई चर्चच्या कोपऱ्यापर्यंत चालत आली होती. तिथं तिनं माझ्यासाठी छोटीशी प्रार्थना केली आणि आमेन म्हटल्याबरोबर त्याच सुरात म्हणाली, "न्हाई जमलं तर माघारी ये, एस्तेर. लाजू नको."

पप्पा रेल्वेत फिटर. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले आणि सुटताना सवयीनं मागच्या चाकाकडं वाकून बघितलं.

पाटस, चौफुला, न्हावरा, शिरूर, आणि तिथून दुसऱ्या गाडीनं कारेगाव. सगळं मिळून तीन तास. क्वार्टरमधल्या तुम्हा लोकांना अजून वाटतं की मी काही फार लांब गेले नाही, आणि गुवाहाटीला गेलेला तो तर मला फोनवर चिडवायचा की तू शेजारच्या खोलीत राहायला गेलीस. तुमचं चूक नाही. पण आपल्याला जे आवडतं त्यातलं एकही जिथं कुणाला माहीत नसतं, ते गाव लांबच असतं. मी हे तुमच्यासाठी लिहितेय, आणि तुमच्यापैकी जे निघून गेले त्यांच्यासाठीही.

तसं बघितलं तर मला आवडणारं दौंडमध्येही कुणाला फारसं माहीत नव्हतं. आमचा केबलवाला दुपारी स्वतःच्या चॅनलवर एक हिंदीत डब केलेली सिरियल लावायचा. बर्फाखाली राहणारी माणसं, त्यांचा एक दिवा, आणि तो दिवा विझू नये म्हणून पाळीपाळीनं जागणारी दोन भावंडं. भाग उलटसुलट लागायचे. केबलवाला नावाची पाटी निघून गेल्यावरच कॅसेट सुरू करायचा, त्यामुळं सिरियलचं नाव मला आजही माहीत नाही. चर्चच्या कपाटात एक कादंबरी होती, कव्हर नसलेली, पहिली अकरा पानं गेलेली. घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई गावोगाव फिरते आणि प्रत्येक गावाची वेळ थोडी पुढं करून जाते, अशी गोष्ट. ती मी चार वेळा वाचली. शाळेत मैत्रिणी सिनेमातल्या गाण्यांवर नाचायच्या, तेव्हा मी त्यांना घड्याळवाल्या बाईचं सांगायला जायचे आणि त्या एकमेकींकडं बघायच्या. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "तुला कुणाला ठावं नसलेलंच का गं आवडतं?" रागानं नाही, खरंच कोडं पडल्यासारखं विचारायची.

या सगळ्यात एकच गोष्ट अशी होती जी निदान आमच्या गल्लीला ठाऊक होती. ती म्हणजे गार्डचाचांचा खेळ.

चाचा आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मालगाडीवर गार्ड होते. दौंड ते नगर तेव्हा सिंगल लाइन होती. समोरून गाडी येत असली की आपली गाडी मधल्या एखाद्या स्टेशनात बाजूच्या रुळावर उभी करायची आणि ती निघून जाईपर्यंत थांबायचं. याला क्रॉसिंग म्हणतात. मालगाडीला सगळ्यांसाठी थांबावं लागतं. मेलसाठी, पॅसेंजरसाठी, कधी कधी रिकाम्या इंजिनासाठीसुद्धा. विसापूरच्या माळावर शेवटच्या डब्यात तासन् तास एकटं बसून बसून चाचांनी हा खेळ तयार केला आणि त्याचं नावही क्रॉसिंगच ठेवलं.

टपालाच्या जुन्या पिशवीचं जाड कापड होतं. त्यावर एक लांब रेघ, रेघेवर दौंडपासून नगरपर्यंतची स्टेशनं, आणि प्रत्येक स्टेशनाला बाजूची एक छोटी रेघ. एक जण दौंडकडून खेळणार, दुसरा नगरकडून. प्रत्येकाला पाच गाड्या, म्हणजे पाच बटणं. एक मेल, दोन पॅसेंजर, दोन मालगाड्या. एका वेळी एक गाडी एक स्टेशन पुढं सरकवायची. समोरासमोर आल्या की एकीनं बाजूच्या रुळावर जाऊन थांबायचं. थांबणाऱ्याला एक चिंचोका मिळायचा, आणि तीन चिंचोके दिले की गाडी दोन स्टेशनं पळवता यायची. ज्याच्या पाचही गाड्या आधी पोचतील तो जिंकला. फासा नाही, नशीब नाही. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्ट्या चाचांच्या ओट्यावर त्या कापडाभोवती घालवल्या.

एकच अडचण यायची. कधी कधी स्टेशनातले दोन्ही रूळ भरायचे आणि दोन्हीकडून गाड्या अडकून बसायच्या. मग आम्ही भांडायचो आणि चाचांना हाक मारायचो. चाचा चष्मा लावायचे, रेल्वेचं नियमांचं लाल पुस्तक उघडायचे, बोट फिरवत एक पान वाचायचे आणि सांगायचे, याची गाडी जाऊ द्या. तो निकाल शेवटचा.

कारेगावला आम्ही तिघी एका खोलीत होतो. एक कविता, कवठे येमाईची, माझ्याच वयाची, बोलायला खमकी. दुसरी अनिमा, झारखंडची, दोन ट्रेन आणि एक बस बदलून इथवर आलेली. तिघी एकाच कंपनीत, वॉशिंग मशीनची सर्किटं जोडण्याच्या लाइनवर. डोक्याला टोपी, मनगटाला अर्थिंगची वायर, समोर दिवसाचं टार्गेट. काम मला जमलं. हात पप्पांवर गेलेत. जमत नव्हतं ते कामानंतरचं.

पहिल्याच आठवड्यात जेवताना कवितानं विचारलं की तुझी आवडती सिरियल कुठली. मी भाबडेपणानं बर्फाखालच्या भावंडांचं सांगायला बसले. दिव्यापर्यंत आले तेव्हा कविता हसायला लागली होती. तिनं फोनवर शोधून बघितलं, मीही बघितलं. काही सापडलं नाही. मग खोलीत आणि लाइनवर ठरून गेलं की एस्तेर मनानं सिरियली बनवते. त्यात वाईटपणा नव्हता, पण मला ते लागलं. त्यानंतर मी सगळ्यांना आवडतं ते बघायला लागले. कोण कुणाची सवत, कुणाचं लग्न मोडलं, कुठल्या रीलला किती लाइक पडले, सगळं पाठ केलं. हसायच्या जागी हसले. सहा महिने असे गेले, आणि रोज खोलीवर परत येताना मला आईचं वाक्य आठवायचं, माघारी ये, लाजू नको. एका बुधवारी मी बादली घासूनपुसून कोपऱ्यात ठेवली. मनात ठरलं होतं की पगार झाला की निघायचं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आमच्याकडं कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. सकाळी अनिमा गावाहून रजा संपवून परतली. सुजलेले पाय, चेहऱ्यावर प्रवासाची काजळी. बॅग टाकली आणि वैतागून म्हणाली, "ये बेलवंडी में है क्या? हर बार गाड़ी वहीं खड़ी हो जाती है."

बेलवंडी हे नाव मी दौंड सोडल्यापासून कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की झारखंडहून येणारी गाडी मनमाड, नगर करत आमच्याच रुळावरून दौंडला येते. माझ्या खोलीत राहणारी मुलगी दर वर्षी चाचांच्या कापडावरून प्रवास करत होती. मी तिला सांगितलं की बेलवंडीत काही नाही, तिथं क्रॉसिंग असतं. तिला कळेना, म्हणून कंपनीतून आणलेला एक खोका फाडला आणि पेननं रेघ ओढली. दौंड, काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर, आणि पुढं नगरपर्यंत. बटणांऐवजी टिकल्या चिकटवल्या. तिनं नगरची बाजू घेतली. मी तिचे पाय दुखतात हे विसरले आणि तीही विसरली. दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही तीन डाव खेळलो. तिसरा ती जिंकली.

कविता तोवर कपडे धुऊन आली होती. ती उभ्यानं बघत राहिली. मग म्हणाली की हे निदान खोटं न्हाई, आणि बादलीवर बसून पुढचा डाव खेळायला लागली. चिंचोके तिनंच शेजारच्या खोलीतून मागून आणले. ते आणता आणता शेजारच्या दोघींना घेऊन आली.

खेळ पसरतो कसा ते मी जवळून बघितलं आहे. कुणी कुणाला शिकवायला जात नाही. माणूस आधी नुसता बघतो, मग मधेच सांगायला लागतो की ती नको, मालगाडी सरकव. मग त्याला बसवावंच लागतं. आमच्या घरमालकांच्या गच्चीवर पत्र्याचं शेड होतं. महिन्याभरात गुरुवारी तिथं पाच-सहा खोके पसरलेले असायचे. लातूरच्या, नांदेडच्या, बिहारच्या मुली, खालच्या मजल्यावरचे उत्तर प्रदेशचे दोघे वेल्डर. त्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी त्या लाइनीवर थांबलेल्या गाडीत तासन् तास काढले होते. कुणी विसापूरला अडीच तास, कुणी अकोळनेरला जेवणाचा डबा संपेपर्यंत. आतापर्यंत ती त्यांची चिडचिड होती, आता ते सांगायला उत्साहानं पुढं यायचे. आणि काष्टीनंतर काय येतं, हे विचारायला सगळे माझ्याकडं वळायचे. मी बादली पुन्हा न्हाणीत नेऊन ठेवली.

मग जे दौंडला व्हायचं तेच कारेगावला झालं. गाड्या अडकल्या. दोन्ही रूळ भरलेले, दोघांपैकी कुणी मागं हटेना. गच्चीवर भांडणं सुरू झाली आणि सगळे मला नियम विचारायला लागले. मला नियम माहीत नव्हता. चाचांना हाक मारायची, एवढाच नियम मला ठाऊक होता. एका गुरुवारी तर कविता आणि नांदेडची एक मुलगी अशा भांडल्या की आठवडाभर लाइनवर एकमेकींशी बोलल्या नाहीत. गच्ची रिकामी व्हायला लागली. अर्ध्या नियमांच्या खेळावर लोक किती दिवस जीव लावणार? मी रजा टाकली आणि दौंडला गेले.

चाचा आता क्वार्टरमध्ये नव्हते. गोपाळवाडी रस्त्याला मुलाच्या घरी राहत होते. दारात खुर्ची टाकून बसले होते, पहिल्यापेक्षा बारीक झालेले. मी त्यांना ते कापड मागितलं. घर बदलताना ट्रंकेत वाळवी शिरलेली निघाली आणि त्यातलं काहीच वाचलं नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी खेळाचं काढलं तसे ते नको नको म्हणायला लागले. त्यांच्या मुलांना तो कधी आवडला नव्हता. सर्व्हिसमध्ये त्यांनी एकदा तो सोबतच्या गार्डांना दाखवला होता, आणि ड्यूटी संपल्यावर पुन्हा ड्यूटीच कोण करेल, असं म्हणून ते हसले होते.

"आता तर डबल लाइन व्हायला लागली," चाचा म्हणाले. "गाड्या थांबायच्याच न्हाईत. मग ह्यो खेळ कुणाला कळायचा? राहू दे, पोरी. तुला आवडला, तेवढं बास झालं."

मी म्हटलं की कारेगावात पंचवीस-तीस जण खेळतात. त्यांना वाटलं, मी त्यांचं मन राखतेय. म्हणून मी फोन काढून गेल्या महिन्यातला व्हिडिओ लावला. गच्चीवर सहा खोके, त्याभोवती ओणवी झालेली डोकी, आणि अनिमा हात करून ओरडतेय, विसापूर खाली करो. चाचांनी फोन डोळ्यांजवळ धरला. व्हिडिओ संपला तसा पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "ही पोरगी कुठली?"

मी सांगितलं. मग ज्यासाठी आले होते ते विचारलं. दोन्ही रूळ भरल्यावर काय करायचं, त्या लाल पुस्तकात काय लिहिलंय?

चाचा रस्त्याकडं बघायला लागले. मला वाटलं, आठवत नसेल.

"नियम नव्हता," ते म्हणाले. "पुस्तक आपलं दाखवायला. मी बघायचो, कुणाची आई हाका मारतीये. ज्याला घरी जायची घाई, त्याची गाडी सोडायचो."

परतीच्या एसटीत मी तेवढ्याच वाक्याचा विचार करत होते. लहानपणी ज्या निकालांपुढं आम्ही मान झुकवली ते सगळे आयांच्या हाकांवर दिलेले होते. चाचा पान उलटून वाचायचे तेव्हा खरं तर रस्त्याकडं कान देऊन असायचे. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि त्याच वेळी हेही कळलं की नियम मला दौंडमधून आणता येणार नाही. तो कारेगावातच करावा लागेल. तिथं कुणाचीच आई हाक मारायला नव्हती.

गुरुवारी मी गच्चीवर सगळं जसंच्या तसं सांगितलं. पुस्तकाचंही. लोक हसले, मग विचारात पडले. कुणी नाणं उडवायचं सुचवलं, कुणी म्हणालं मेल पहिली, नेहमीसारखी. अनिमा चिंचोके हातात खुळखुळवत बसली होती. ती म्हणाली, "जो सबसे ज़्यादा रुका है, पहले वही जाएगा."

म्हणजे असं की अडकल्यावर दोघांनी आपले चिंचोके पुढं ठेवायचे. ज्याच्याकडं जास्त, तो जास्त थांबलेला. त्याची गाडी आधी, मग ती मेल असो की मालगाडी. दुसऱ्यानं एक स्टेशन मागं हटायचं. एवढंच. पण त्यानं खेळाचा नूर पालटला. आतापर्यंत चिंचोके मिळाले की लोक लगेच गाडी पळवायला खर्च करायचे. आता ते जपून ठेवावेसे वाटायला लागले, आणि कधी जपायचे, कधी उडवायचे, यात खरी चुरस आली. कविता आणि नांदेडची मुलगी त्याच नियमावर पुन्हा समोरासमोर बसल्या आणि बोलायला लागल्या.

स्पर्धा घ्यायची ही कल्पना कविताची. तिला सगळ्यांना गोळा करणं जमतं. शिरूरच्या फ्लेक्सवाल्याकडून तिनं खोक्याऐवजी नीट छापलेले पट करून आणले. खाली एका ओळीत 'खेळ बनवणारे: गार्डचाचा, दौंड' असं टाकायला लावलं आणि मला न विचारता सगळीकडं सांगून टाकलं की चाचा स्वतः येणार आहेत. मला पप्पांना फोन करावा लागला. पप्पांनी एवढंच विचारलं की एसटी किती वाजता पोचते.

ते दोघं सकाळी अकराला उतरले. चाचांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पप्पा मला हळूच म्हणाले की सगळी नोकरी शेवटच्या डब्यात काढलेल्या माणसानं एसटीतही शेवटचीच सीट धरली आणि पुढं बसायला काही केल्या आले नाहीत. जिना चढून चाचा गच्चीवर आले आणि दारातच थांबले. सोळा पट मांडलेले होते. कुणी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, कारण डाव सुरू झाले होते. मी त्यांना पुढं न्यायला हात धरला, तर त्यांनी हळूच सोडवून घेतला. त्यांना तिथंच उभं राहून बघायचं होतं. एकेका पटावर वाकून ते गाड्या कुठवर आल्या ते वाचत होते. तोंडानं काही पुटपुटत होते. मला वाटलं दुआ म्हणताहेत. जवळ गेल्यावर ऐकू आलं, सारोळा, अकोळनेर, सारोळा, अकोळनेर.

जिंकणारीचा शेवटचा डाव चाचांशी, असं कवितानं ठरवून ठेवलं होतं. जिंकली अनिमा. तिनं नगरची बाजू घेतली, चाचांनी दौंडची. गच्चीवरचे सगळे भोवती जमले, वेल्डर पाण्याच्या टाकीवर चढून बसले. चाचा भराभर खेळत होते. त्यांचं बोट विचार करायला थांबतच नव्हतं. त्यांच्या तीन गाड्या नगरला पोचल्या तेव्हा अनिमाच्या दोनच आल्या होत्या आणि पप्पा माझ्याकडं बघून डोळे मिचकावत होते.

विसापूरला गाड्या अडकल्या. एका रुळावर चाचांची मेल, दुसऱ्यावर त्यांचीच दुसरी गाडी, आणि पलीकडं अनिमाची मालगाडी. चाचांचा हात सवयीनं मेल पुढं सरकवायला गेला आणि मधेच थांबला. त्यांना मी नवा नियम सकाळीच सांगितला होता. अनिमानं मूठ उघडली. तिच्याकडं पाच चिंचोके होते. चाचांनी आपले ठेवले. दोन. बाकीचे त्यांनी गाड्या पळवण्यात उडवले होते. त्यांचा खेळ, त्यांची लाइन, आणि नियम मात्र आमचा. त्यांनी नाही म्हटलं असतं तर कुणी वाद घातला नसता.

चाचांनी मेल उचलली आणि एक स्टेशन मागं, बेलवंडीला नेऊन ठेवली. अनिमाची मालगाडी धडधडत निघाली. तिथून डाव फिरला आणि चाचा एका गाडीनं हरले.

टाळ्या थांबल्यावर त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "सगळी नोकरी मालगाडीवर काढली," ते म्हणाले. "मालगाडीसाठी मेल थांबलेली आज पहिल्यांदा बघितली."

मग ते इतके हसले की त्यांना खोकला आला, आणि अनिमा पाणी आणायला धावली. निघताना त्यांनी एक पट मागून घेतला, गुंडाळला आणि काखेत धरून शेवटच्या सीटवर बसले. काही आठवड्यांनी आईचा दुपारी कामाच्या वेळेत फोन आला. मी घाबरून लाइन सोडून बाहेर आले. चर्चचं महिला मंडळ चाचांकडं जमलं होतं, काष्टीला दोन गाड्या अडकल्या होत्या आणि पास्टरबाई ऐकत नव्हत्या. आईला निकाल पाहिजे होता. मी तो दिला.

यंदा नाताळला घरी जाताना शिरूरहून गाडीत बसले. न्हावऱ्याला दोन बायका चढल्या, पंचेचाळीस-पन्नाशीच्या, शेंगांची पिशवी घेतलेल्या. माझ्या समोरच्या सीटवर बसल्या आणि एकीनं वहीचं पान काढून त्यावर रेघ ओढली. रेघेवर टिंबं, प्रत्येक टिंबाला बाजूची छोटी रेघ. मी पुढं वाकून बघायला लागले. स्टेशनांच्या जागी त्यांनी स्वतःची गावं लिहिली होती, पार शिरूरपासून सुप्यापर्यंत. चिंचोक्यांच्या ऐवजी शेंगदाणे. मेल-मालगाडी नव्हतीच. एक एसटी, दोन जीप, दोन उसाचे ट्रॅक्टर.

मी इतकं टक लावून बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. एकीनं सरकून मला जागा करून दिली आणि समजवायला लागली. "सोपं हाय, ताई. समोरासमोर आलं की एकानं थांबायचं. आन् जो जास्त थांबला, त्यो पयला."

मी विचारलं, हा खेळ कुठून शिकलात. कवठ्याला नणंद आहे, तिनं शिकवला, असं ती म्हणाली, आणि मग मी काहीतरी अडाणी विचारल्यासारखं माझ्याकडं बघत तिनं वर सांगितलं, "पहिल्यापास्नं हायच की."

माझ्या ओठांवर आलं होतं सगळं. चाचा, टपालाचं कापड, खोका, अनिमा. मी गिळून टाकलं. एवढी वर्षं मी घर म्हणजे ती जागा समजत होते जिथं मला काही समजावून सांगावं लागत नाही, आणि अशी जागा मला दौंडलाही पूर्ण कधी मिळाली नव्हती. आणि आता एक अनोळखी बाई शेंगदाणे निवडत मला माझीच लाडकी गोष्ट समजावून सांगत होती, ती तिचीच असल्यासारखी. मला त्या सीटवर अगदी घरी आल्यासारखं वाटलं. तुमच्यापैकी जे कुणी कुठंतरी लांब, कुणालाच माहीत नसलेलं काहीतरी छातीशी धरून बसला असाल, त्यांना मी एवढंच सांगेन की ते एकदा खोक्यावर काढून बघा. एक माणूस पुरतो.

चौफुल्याला मला आणि त्यांना दोघींनाही गाडी बदलायची होती. पुढच्या डावाला त्यांनी मला बसवलं होतं आणि तो अर्धाच झाला होता. आम्ही स्टँडच्या बाकावर वही पसरून बसलो. दौंडची गाडी आली, कंडक्टरनं आवाज दिला, आणि ती निघून गेली. तो डाव मी जिंकले.